पाण्यात पाहणं

टोपण उलटं केलं, तर आत साय धरलेली.

*

साडू हे नातं कुणी जोडत नाही, ते जडतं. एकाच दारातून दोघे आत येतात, एक आधी, एक नंतर. नंतर येणाऱ्याला चहा गरम मिळतो.

*

फळीवर औषधाच्या नऊ बाटल्या. खोकल्याच्या, पोटाच्या, एक लहान मुलांच्या जंताची. सगळ्यांत जळकं तेल. प्रत्येकीवर गोल अक्षरात चिठ्ठी: 'पाण्याचा पंप, शाळेमागचा, ठीक.' 'ट्रॅक्टर, काजळी फार.' 'बेकरीची व्हॅन, घाम.'

*

म्हाताऱ्याची खुर्ची सहा महिन्यांत बारा पावलं सरकली. विचारलं तर म्हणतो, ऊन तिकडं येतं.

*

"डॉक्टर आहेत का?"

"नाहीत. मी आहे."

"मग मी परवा येतो."

*

एक शब्द. तीन अक्षरं. उघडा.

*

टोपण थोरल्या जावयाच्या हातात होतं. इंजिनात तेल ओततात त्या तोंडाचं टोपण. आतली साय त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडली. पिवळट पांढरी, मऊ, नुकत्याच निघालेल्या लोण्यासारखी. व्हॅनच्या मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. बेकरी आज बंद होती, म्हणून त्या काल संध्याकाळीच गाडी इथे लावून गेल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या कोपरांना पीठ होतं.

"तेलात पाणी उतरतंय," थोरला म्हणाला. "हेडचं गॅस्केट गेलं. तेल-पाणी वेगळं ठेवणारा पत्रा."

"पण डॉक्टर म्हणाले, घाम आहे."

"कुणाला?"

"इंजिनाला." बाईंनी पदराने कोपर पुसलं. "ते म्हणाले, बाई, तुम्ही बेकरीतून निघता, चौकात थांबता, गाडी बंद. पुढच्या दुकानाला परत चालू, परत बंद. त्यात ही थंडी. तिला नीट तापायला वेळच मिळत नाही. गार भांड्याला आतून दव धरतं तसं धरतं, एवढंच."

"डॉक्टरांचं बोलणं ऐकायला गोड असतं."

"औषध कडूच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

थोरल्याने टोपण परत उलटं करून पाहिलं.

डॉक्टर म्हणजे त्याचा साडू, धाकटा जावई. गॅरेज सासऱ्यांचं. दोन्ही जावई त्यांना मामा म्हणत, म्हणून गल्लीतली गिऱ्हाइकंही मामाच म्हणत. थोरला या गॅरेजात एकोणीस वर्षं होता. धाकटा आला लग्नानंतर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी. त्याआधी तो कुठल्याशा मोठ्या कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात होता. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला: तेलाचा नमुना बाटलीत भरायची सवय आणि तेलाचा थेंब टिपकागदावर सोडून त्याचा डाग वाळेपर्यंत गप्प बसायची सवय. पहिल्याच महिन्यात मामांनी त्याला डॉक्टर म्हटलं. नाव चिकटलं.

थोरल्याला एकोणीस वर्षांत टोपणनाव मिळालं नव्हतं. तो थोरला होता. ते नाव नव्हे, तो क्रमांक.

आणि मामांच्या गॅरेजात एक रीत होती. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टला पाना लावायचा, तर आधी मामांनी 'उघडा' म्हणायला हवं. इंजिन उघडणं म्हणजे माणसाचं पोट उघडणं, असं ते म्हणत. उघडून 'आत काहीच नाही' म्हणणारा मिस्त्री आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस, दोघांनी मान खाली घालूनच बाहेर पडावं. आधी तेल मोजायची पट्टी, मग रेडिएटरचं पाणी, मग धूर, मग कान. सगळं ऐकून मामा एक शब्द बोलत. 'राहू दे' म्हणाले तर राहू द्यायचं, गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी.

आता मामांना उजेड दिसे, माणसं दिसत, पण टोपण कुठं संपतं आणि साय कुठं सुरू होते ते दिसत नसे. मागच्या आठवड्यात त्यांनी साखर समजून ग्रीसच्या डब्यात चमचा घातला आणि स्वतःच हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "एक तारखेपासून 'उघडा' मी म्हणणार नाही. तुमच्यातला एक जण म्हणेल. कोण, ते त्या दिवशी सांगतो."

एक तारखेला सहा दिवस होते. धाकटा कालपासून खाणीवरच्या जनरेटरसाठी गेला होता, परवा येणार होता.

"मग मी डॉक्टर येईपर्यंत थांबू का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी ते साधंच विचारलं होतं. पण थोरल्याच्या हातातलं टोपण बाकावर जरा जोरात आपटलं गेलं.

"पट्टी कशी आहे?" खुर्चीतून मामांचा आवाज आला.

पट्टी थोरल्याने आधीच ओढून पाहिली होती. आता परत ओढली. तेल काळं होतं. टोकापर्यंत एकसारखं, स्वच्छ काळं. फेस नाही, करडी रेघ नाही. पातळी खुणेवर जिथल्या तिथे; पाणी उतरलं असतं तर ती वर चढली असती. साय फक्त वर टोपणात आणि खाली तेल निर्मळ, याचा अर्थ त्याला एकोणीस वर्षं ठाऊक होता. इतका ठाऊक, की मूल चालायला कधी शिकलं हे जसं त्याचं त्याला आठवत नाही, तसं हे आपण कधी शिकलो ते त्याला आठवत नव्हतं. घाम. साडू म्हणाला होता तसा घाम.

त्याने पट्टी चिंधीने पुसली. एकदा पुसली, मग कोरडी असताना परत पुसली.

"दुधाळ आहे."

"पूर्ण?"

"टोकाकडं."

"पातळी?"

"वर आलीये." पहिल्या खोट्याला एकटं करमत नाही.

मामांनी मान थोडी कलती केली. "डॉक्टरनं पाहिली तेव्हा कशी होती?"

"तो घाईत होता मामा. खाणीवर जायचं होतं त्याला."

बाई एकदा जावयाकडे, एकदा सासऱ्याकडे बघत राहिल्या. मामांनी दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे ठेवले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"उघडा," ते म्हणाले.

*

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालताना ती जे बोलायची ते आधीपासून घडी करून ठेवलेलं असायचं.

"धाकटीचा फोन होता."

"बरं."

"ती म्हणाली, यांचं बेकरीच्या गाडीत फार लक्ष आहे. खाणीवरनं पण विचारत होते, गाडी आली का म्हणून."

"आली. उद्या उघडतोय."

तिचा हात उशीच्या अभ्र्यावर थांबला. "ते तर म्हणाले होते, काही नाही म्हणून."

"सगळ्यांना पाठ झालंय का गं तो काय म्हणाला ते? मी काय म्हणालो ते कुणीतरी पाठ करा की."

"तुम्ही काही म्हणता कुठं? पान्याचा नंबर सांगता आणि गप्प बसता. बाबांना बोलायला माणूस लागतं. तो बोलतो, म्हणून खुर्ची तिकडं जाते. ऊनबिन काही नाही."

ऊनबिन काही नाही हे थोरल्याला माहीत होतं. त्याने बारा पावलं मोजली होती, रिकाम्या गॅरेजात, एकदा जाताना आणि एकदा येताना.

"तुम्ही त्याला पाण्यात पाहता," बायको म्हणाली.

"मी तेलात पाहतो. तिथं पाणी सापडलं तर माझा काय दोष?"

बोललं गेल्यावर त्याला ते चांगलं जमलं असं वाटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसली नव्हती.

"सापडलं का?" तिने विचारलं.

तो आंघोळीला गेला.

*

हेडचे बोल्ट बाहेरून आत, एकाआड एक, थोडे थोडे सैल करायचे असतात. थोरल्याचे हात हे काम त्याला न विचारता करत. मामा आज खुर्ची घेऊन त्याच्याकडे आले होते. स्वतः ओढत आणली होती, पायांचा कर्र आवाज करत. हवी होती तेव्हा बारा पावलांवर असलेली खुर्ची आता हातभर अंतरावर होती आणि ती जरा लांब असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"बावीस," मामा म्हणाले. ते बोल्ट ट्रेमध्ये पडताना मोजत होते.

साखळीची कप्पी ओढून त्याने हेड उचललं. खाली गॅस्केट होतं. चारही सिलिंडरांभोवतीच्या कड्या निळसर, अखंड. पाण्याच्या भोकांभोवती गंज नाही, दोन सिलिंडरांमध्ये जळल्याची वाट नाही. खरडून धुतलं तर दुसऱ्या गाडीला बसवावं इतकं निरोगी.

पण त्याचं लक्ष गॅस्केटवर टिकलं नाही. हेडच्या तोंडाशी, जिथून तापलेलं पाणी रेडिएटरकडे जातं, तिथे थर्मोस्टॅटची खोबण असते. इंजिन गार असेतो हा चिमुकला दरवाजा पाण्याला अडवून धरतो, म्हणून इंजिन लवकर तापतं. खोबण रिकामी होती.

ती त्यानेच रिकामी केली होती. गेल्या उन्हाळ्यात गाडी उकळते म्हणून बाई आल्या होत्या, गर्दी होती, आणि त्याने जे सगळे करतात ते केलं: दरवाजाच काढून टाकला. ना राहील दार, ना अडेल पाणी. थंडी आली की परत बसवू, असं म्हणाला होता. कुणाला म्हणाला होता ते आठवत नव्हतं. बहुधा स्वतःलाच.

तेव्हा छोट्या फेऱ्या, थंडी आणि हे. घाम तर सुटणारच. इंजिनाला नाही सुटला तर मिस्त्रीला.

"काय आहे?" मामांनी विचारलं.

"गेलंय." त्याचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "दोन आणि तीनच्या मध्ये."

"टाकू नकोस. डॉक्टरला दाखव. शिकेल."

मामा जेवायला वर गेले, तेव्हा थोरल्याने पत्रा कापायच्या कात्रीने ते निरोगी गॅस्केट आठ तुकडे करून भंगाराच्या पिंपात तळाशी घातलं. मग भिंतीकडे गेला. तिथे खिळ्याला जुनी गॅस्केटं लटकत होती. दोन महिन्यांपूर्वीच्या डंपरचं त्याने उतरवलं. त्याच कंपनीचं इंजिन, तेवढेच चार सिलिंडर, आणि दोन-तीनच्या मध्ये बोटाएवढी काळी जळकी वाट. त्या डंपरच्या तेलात खरोखर पाणी उतरलं होतं. खालचं तेलाचं चेंबर खोलल्यावर तेल वाहिलंच नव्हतं, डांबरासारखा गाळ पळीने काढावा लागला होता. तेव्हा मामांनी विचारलं होतं, 'कुणी सांगितलं गॅस्केट म्हणून?' आणि थोरला म्हणाला होता, 'मी.' मामा 'हं' म्हणाले होते. नुसतं हं. धाकट्याने एखाद्या पंपाला 'ठीक' म्हटलं, तरी त्यांचा अर्धा तास जायचा त्याच्याशी बोलण्यात.

नवीन गॅस्केट होतं. थर्मोस्टॅट नव्हता. सुट्ट्या भागांचं दुकान आज बंद, आणि बाईंना उद्या पहाटे गाडी हवी. त्याने फळ्या पाहिल्या, डबे पाहिले. शेवटी साडूचं ड्रॉवर ओढलं. वरच टिपकागदांची थप्पी, तिच्याखाली एक नवा कोरा खोका. वर गोल अक्षरात 'बेकरी'.

तर हे त्याला माहीत होतं. आधीच माहीत होतं. भाग आणून ठेवला होता आणि कुणाला बोलला नव्हता. बाईंना नाही, मामांना नाही. फळीवरच्या बाटलीवर त्याने 'घाम' लिहिलं आणि घाम का, ते लिहायचं टाळलं. का टाळलं असेल हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

थोरल्याला राग आला. चूक दाखवली असती तर भांडता आलं असतं. हा माणूस भांडायलाही जागा ठेवत नव्हता.

त्याने थर्मोस्टॅट बसवला. रिकामा खोका नीट बंद करून टिपकागदांखाली होता तसा ठेवून दिला, आणि ठेवताना त्याला कळत होतं की हे अगदी पोरकट आहे.

*

परवा दुपारी धाकटा आला. केसांत खाणीची पांढरी धूळ, त्यामुळे एकदम म्हातारा दिसत होता. थोरल्याला ते बरं वाटलं.

"मामा, जनरेटर झाला सुरू. दादा, काय म्हणतेय बेकरी?"

थोरला त्याला कुठलीच हाक मारत नसे. दोन वर्षं 'ए', 'हे घे', 'ते धर' यावर भागलं होतं. त्याने भिंतीला टेकवून ठेवलेलं गॅस्केट उचललं आणि पुढे केलं. "हे घे. गेलं होतं."

"हो का?" धाकट्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. पाहुण्यांचं बाळ घ्यावं तसं, मान सांभाळून. तो दाराकडे, उजेडात गेला. "अरे, चांगलंच जळलंय की. दोन-तीनच्या मध्ये."

"गाडी आता कशी आहे?" मामांनी विचारलं.

"एकदम," थोरला म्हणाला. "आज सकाळी बाई येऊन गेल्या. टोपण कोरडं आहे. आणि लवकर तापते म्हणाल्या."

'लवकर तापते' हे म्हणायला नको होतं. गॅस्केट बदलून गाडी लवकर तापत नसते. पण धाकट्याने वर पाहिलं नाही. त्याचा अंगठा गॅस्केटच्या कडेकडेने चालला होता, एकेका भोकावरून. बोल्टची भोकं, पाण्याची, तेलाची. तिसऱ्या सिलिंडरच्या कोपऱ्याशी अंगठा थांबला. तिथे एक बारीक भोक होतं, पेन्सिल जाईल एवढं. अंगठा मागे गेला, परत पुढे आला, आणि त्या भोकावर टेकून राहिला.

तेव्हा थोरल्याला आठवलं. डंपरचं इंजिन त्याच कंपनीचं, पण नंतरचं. त्या लोकांनी नंतरच्या इंजिनाला तेलाची एक वाट वाढवली होती. बेकरीच्या व्हॅनच्या ब्लॉकला त्या जागी भोक नाही, नुसतं लोखंड आहे. हे त्याला माहीत होतं. हे त्यानेच, दीड वर्षापूर्वी, याच माणसाला शिकवलं होतं, चुकीचं गॅस्केट आणू नये म्हणून. गॅरेजात आणखी एका माणसाला ते माहीत होतं, आणि त्याला डोळ्यांची गरज नव्हती. बोट पुरे होतं.

"आण इकडं," मामा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर.

भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते कायमच असायचं, आणि थोरला त्याच्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की जणू ते बरोबर करायची हीच वेळ आहे.

धाकट्याने गॅस्केट गुडघ्यावर घेतलं आणि दाबलं. पत्रा करकरला. दुमडलं, परत दुमडलं.

"नको मामा, कडेची तार सुटलीये. बोट कापेल तुमचं." तो चालत पिंपाकडे गेला आणि ती घडी आत टाकली. "त्यात पाहण्यासारखं काय आहे? सरळ जळलंय. माझीच चूक. मी घाम म्हटलं आणि मोकळा झालो."

मामांचा हात अजून हवेत होता. मग तो त्यांनी हळूच गुडघ्यावर ठेवला.

"होतं असं," ते म्हणाले.

"दादांनी पकडलं म्हणून बरं."

"हं," मामा म्हणाले.

मागच्या अंगणातल्या नळावर साबणाने हात धुताना दोघे शेजारी उभे होते. थोरला वाट पाहत होता. आता हा बोलेल. हसेल, टोमणा मारेल, निदान अशा तऱ्हेने बघेल की बघितलंय हे कळेल. मग आपण काहीतरी उलट बोलू, आवाज चढेल, आणि दोन वर्षांचं एकदाचं वाहून जाईल.

"ड्रॉवरमधला बसवलात ना?" धाकटा नखं घासत म्हणाला.

"हं."

"बरं केलंत. मी आल्यावर बसवणारच होतो." त्याने नळ बंद केला. तो नळ नेहमी ठिबकायचा, म्हणून त्याने तो परत एकदा आवळला. "खोका कशाला ठेवलात हो परत? मी उघडून बघितला, रिकामा. मला वाटलं दुकानदारानं फसवलं."

आणि तो हसला. मोकळं, कशाचाही वास नसलेलं हसू. थोरल्याने ते नीट तपासलं, कडेकडेने, एकही भोक न सोडता. कुठे काही सापडलं नाही.

*

एक तारखेला मामांनी चहा मागवला आणि कप हातात आल्यावर म्हणाले, "आजपासून थोरला."

एवढंच. भाषण नाही, पाठीवर हात नाही. धाकट्याने आपला कप थोरल्याच्या कपाला टेकवला आणि म्हणाला, "आता रोजचा चहा तुमच्याकडून." घरी बायकोला कळलं तेव्हा ती खूश झाली, मग जरा वेळाने तिने विचारलं, "तुम्ही खूश नाही का?" तो म्हणाला, आहे की. रात्री जेवताना दोन घास जास्त खाल्ले, तिला दिसावं म्हणून.

मामा आता फार वेळ खाली बसत नव्हते. खुर्ची मात्र तिथेच होती, थोरल्याच्या बाजूला, रिकामी. सुरुवातीला तो तिच्यावर कुणाला बसू देत नसे. मग एका गिऱ्हाइकाने तिच्यावर पिशवी ठेवली आणि त्याने काही म्हटलं नाही.

पहिलं मोठं इंजिन चौथ्या दिवशी आलं. फरशीवाल्यांचा ट्रक. धूर पांढरा, रेडिएटरचं पाणी कमी होतंय, मालक घामाघूम. ट्रक धाकट्याच्या बाजूला उभा राहिला, तिकडे जागा होती म्हणून. बोनेट उघडलं गेलं, चार माणसं भोवती जमली आणि मग, कुणी सांगितलं नसताना, चौघांनीही मागे वळून थोरल्याकडे पाहिलं. हे त्याला एकोणीस वर्षं हवं होतं.

"पट्टी कशी आहे?" त्याने विचारलं.

धाकट्याने पट्टी उजेडात धरली, तिरकी केली. बारा पावलांवरून थोरल्याला ती नुसती एक चमकती रेघ दिसत होती. रंग कळत नव्हता.

"काळी, दादा. स्वच्छ. टोकापर्यंत."

"पातळी?"

"खुणेवर."

थोरल्याचा उजवा पाय उचलला गेला होता. जाऊन बघणं अगदी सोपं होतं. ट्रकवाला बघत होता, माणसं बघत होती, आणि साडू पट्टी तशीच हातात धरून उभा होता, न पुसता. चिंधी त्याच्या खांद्यावर होती.

पाय परत फरशीवर आला.

"राहू दे," थोरला म्हणाला. "आधी रेडिएटरच्या नळ्या बघ." आणि मग, घसा साफ करून, "डॉक्टर."

*

बेकरीच्या त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, थोरला यायच्या आधी, शटर अर्धंच वर असताना, मामांनी व्हॅनची पट्टी चाचपून ओढली होती आणि तेलाचा एक थेंब तापलेल्या शेगडीवर सोडून कान लावला होता. तेलात पाणी असलं की थेंब तडतडतो. तो तडतडला नव्हता.